कारभार स्त्रीचा, हुद्दा कोणाचा?

२०२१ सालच्या जुलै महिन्याच्या २२ तारखेस महाड तालुक्यातील तळिये या गावावर डोंगराचा कडा कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली, सावित्री आणि गांधारी या नद्यांनी महाडची बाजारपेठ पाण्याखाली घेतली आणि पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडींनी घरे गिळली, त्या वेळी रायगड जिल्ह्याचे पालकमंत्रिपद अदिती तटकरे यांच्याकडे होते, जिल्हाधिकारी निधी चौधरी होत्या आणि महाडच्या नगराध्यक्षा स्नेहल जगताप होत्या. मदत किती वेळात पोचली, इशारा वेळेवर दिला गेला की नाही, पुनर्वसनास एवढा विलंब का लागला, यांविषयी पुष्कळ वाद झाले आणि ते व्हावयासच हवे होते. परंतु अशा घोर प्रसंगी कारभाराची तीन महत्त्वाची पदे स्त्रियांकडे असावीत यात काही विपरीत आहे, असे घरातला चिखल उपसणाऱ्या महाडकरास वाटल्याचे दिसले नाही. तोच महाडकर बिरवाडीच्या बाजूस पसरलेल्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याची रात्रपाळी एक बाई सांभाळते असे ऐकेल, तर मात्र दोनदा विचारून खात्री करून घेईल. जिल्ह्याचा कारभार चालविण्यास स्त्री समर्थ आहे आणि एका प्लँटचा कारभार चालविण्यास ती समर्थ नाही, असा सिद्धान्त कोणी उघडपणे मांडीत नाही. तथापि व्यवहार जणू त्या सिद्धान्तावरच चाललेला आहे, आणि तो तसा का चालला याचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

या भूमीवर स्त्रीच्या कर्तृत्वाचे दाखले शोधण्यास लांब जावे लागत नाही. रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला जिजाबाईंची समाधी आहे. शिवाजीमहाराज आग्र्यास अडकले असता राज्याचा कारभार ज्यांच्या नजरेखाली चालला, त्या या बाई. संभाजीमहाराजांच्या वधानंतर १६८९ मध्ये राजारामांस गडाबाहेर धाडून स्वतः वेढ्यात राहण्याचा निर्णय येसूबाईंनी घेतला तो याच रायगडावर. आठ मार्चच्या प्रत्येक व्याख्यानात ही दोन नावे घेतली जातात, टाळ्या पडतात, आणि व्याख्यान आयोजित करणाऱ्या संस्थेच्या कार्यकारिणीत स्त्रिया किती, हा प्रश्न विचारण्याइतका असभ्य श्रोता सहसा सभागृहात नसतो. राजकुलातील स्त्रीच्या हाती सत्ता येणे आणि सामान्य स्त्रीस हुद्दा मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा गौरव केल्याने दुसरी आपोआप घडत नाही.

दुसरी गोष्ट घडावी म्हणून ज्या विचाराची आवश्यकता होती, त्याचा उच्चारही महाडातच झाला. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथील परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेस आलेल्या स्त्रियांपुढे डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र भाषण केले, आणि आजही २५ डिसेंबर हा दिवस अनेक संघटना स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. पुढच्याच वर्षी मुंबईच्या कायदेकौन्सिलात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाचा त्यांनी पुरस्कार केला. १९२९ चा मुंबई इलाख्याचा प्रसूतिलाभ कायदा हा त्या प्रयत्नांचा परिपाक होय. महाडच्या सत्याग्रहाचे स्मरण करताना आपण पाण्याची ओंजळ आठवतो ते योग्यच आहे, परंतु पुढच्याच वर्षी तोच पुरुष गिरणीतील बाळंतिणीच्या पगाराचा हिशेब कौन्सिलापुढे मांडीत होता, हेही आठवले पाहिजे. अधिकार आणि त्यासाठी लागणारी व्यावहारिक तरतूद या दोहोंचा विचार त्यांनी एकत्र केला होता; त्यानंतर आपण पहिल्याविषयी भाषणे करीत आलो आणि दुसरी लेबर ऑफिसरावर सोपवून मोकळे झालो.

आता थोडे या तालुक्यांच्या घरगुती अर्थव्यवस्थेकडे वळू, कारण माझ्या मते प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. भाताची एकपिकी शेती, डोंगरउतारावर नाचणी-वरी, आणि बाकीचे आठ महिने पोटासाठी मुंबई, असा येथील कुळंब्या-मराठ्यांचा आणि महारवाड्यांतील कुटुंबांचाही कैक पिढ्यांचा शिरस्ता आहे. पुरुष गिरणीत, गोदीत, हमालीत वा पुढे कार्यालयांत शिपाई म्हणून गेला आणि चाकरमानी झाला. बाई गावी राहिली. दक्षिणेस लागून असलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेतही हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, याचे कारण हेच स्थलांतर होय, आणि कशेडी घाटाच्या अलीकडची गावेही स्वभावाने त्याच जातकुळीची आहेत. या गावांत राब भाजण्यापासून लावणी-कापणीपर्यंतचे वेळापत्रक आखणारी, गडी आणि बैल यांची सांगड घालणारी, मनीऑर्डरीचे पैसे चार दिशांना पुरविणारी, सोसायटीचे कर्ज, दिराचे लग्न आणि सासऱ्याचे औषध यांतून मार्ग काढणारी व्यक्ती स्त्रीच होती. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत नियोजन, मनुष्यबळ, वित्त आणि संकटनिवारण अशी जी प्रकरणे असतात ती सर्व तिने न वाचता पार पाडली.

परंतु निर्णयाचा हुद्दा मात्र तिच्यासोबत गावी राहिला नाही. तो चाकरमान्याच्या पेटीतून मुंबईस गेला. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, जत्रेची वर्गणी, रस्त्यासाठी अर्ज, भावकीतला तंटा, यांचे ठराव लालबाग-परळच्या एखाद्या खोलीत भरणाऱ्या ग्रामस्थ मंडळाच्या मुंबईतील बैठकीत होत आणि गावकीच्या बैठकीत त्यांची अंमलबजावणी ठरे. या दोन्ही बैठकांत बाया चहा देण्यापुरत्या. आजही सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचे. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालविली आणि पुढे सरकारनेही पत्नीचे नाव उताऱ्यावर चढविण्याची सोय केली, पण तलाठ्याच्या दप्तरापर्यंत चालत जाणारे पती सर्वत्र थोडेच निघाले. या एका गोष्टीचे परिणाम दूरवर जातात. जमीन नावावर नाही म्हणून विविध कार्यकारी सोसायटीचे सभासदत्व नाही, सभासदत्व नाही म्हणून संचालकपदाची निवडणूक नाही, आणि म्हणून २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांच्या मंडळांवर स्त्रियांसाठी ज्या दोन जागा राखल्या, त्या दोन जागांवर वर्षानुवर्षे कोणाच्या तरी पत्नी, सुना आणि मातोश्री येऊन सह्या करून जातात. दोनच्या वर तिसरी स्त्री खुल्या जागेवरून निवडून आली, तर तो बातमीचा विषय होतो.

जो प्रकार गावात तोच कारखान्यात उतरला, असे माझे म्हणणे आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायने आणि औषधी द्रव्ये यांचे कारखाने प्रामुख्याने आले. बड्या कंपन्यांची नोंदलेली कचेरी आणि संचालक मंडळ बहुधा मुंबईत, आणि येथे चालतो तो प्लँट. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या, तसेच शंभर कोटी भरणा-भांडवल वा तीनशे कोटी उलाढाल असलेल्या सार्वजनिक कंपन्यांच्या मंडळावर निदान एक स्त्री असलीच पाहिजे असे फर्मावले. सेबीने पुढे पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांस १ एप्रिल २०२० पर्यंत एक स्वतंत्र स्त्रीसंचालक नेमण्यास लावले. ही तरतूद चांगली आहे, पण तिची धाव मुंबईच्या बैठकीच्या टेबलापर्यंतच. महाडच्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कारखान्यास ती लागूच नाही, आणि बड्या कारखान्याच्या बाबतीत मंडळावर एक बाई आल्याने प्लँटवरच्या तक्त्यात काही बदलत नाही. नॉर्वेने २००३ मध्ये कायदा करून आपल्या बड्या कंपन्यांच्या मंडळांवर चाळीस टक्के स्त्रिया आणल्या आणि २००८ पर्यंत त्याची अंमलबजावणीही करून दाखविली. परंतु मंडळाखालच्या व्यवस्थापकांच्या स्तरावर त्याचा अपेक्षिलेला पाझर झाला नाही, असे अभ्यासकांनी पुढे नोंदविले. जगभरच्या व्यवस्थापकीय पदांपैकी एकतृतीयांशही अद्याप स्त्रियांकडे नाहीत. वरून ओतलेले पाणी खाली झिरपेल, ही आशा नॉर्वेसारख्या देशात फळली नाही, तर ती बिरवाडीस फळेल असे मानण्यास आधार नाही.

मग व्यवस्थापक घडतो कोठे? रासायनिक कारखान्याशी परिचय असलेला कोणीही सांगेल की तो पाळीत घडतो. रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेला पोरगा प्रथम शिफ्टमध्ये टाकला जातो. रिअॅक्टरचे तापमान मध्यरात्री भलतीकडे चढू लागले, बॉयलर बंद पडला, कामगार आणि ठेकेदार यांची बाचाबाची झाली, अशा प्रसंगी वरिष्ठ घरी झोपलेले असताना तो जे निर्णय घेतो त्यांवर त्याची परीक्षा होते. त्यातून तो शिफ्ट इन्चार्ज होतो, पुढे प्रॉडक्शन मॅनेजर आणि कालांतराने प्लँट हेड. बढतीच्या या शिडीची पहिली पायरी रात्रपाळी आहे, आणि नेमकी तीच पायरी स्त्रीच्या बाबतीत कायद्याने काढून घेतली होती. हिंदुस्थानात १८९१ च्या कारखाना कायद्यापासून स्त्रियांच्या रात्रकामावर बंधने आली, १९१९ च्या आंतरराष्ट्रीय करारानेही तोच मार्ग धरला, आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ६६ व्या कलमाने सकाळी सहाच्या आधी व सायंकाळी सातनंतर स्त्रीस कामावर ठेवण्यास मनाई केली. राज्य सरकारास सवलत देण्याची मुभा होती, पण रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेस तीही नव्हती. ८७ व्या कलमाखाली धोकादायक ठरविलेल्या प्रक्रियांत स्त्रियांना मज्जाव करण्याचा अखत्यार सरकारास होता, आणि रसायनांच्या कारखान्यात धोकादायक प्रक्रिया म्हणजे काही कोपऱ्यातले काम नव्हे. पुष्कळदा तेच मुख्य काम.

या कायद्यांमागील हेतू दुष्ट होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. गिरण्यांत बारा-चौदा तास राबणाऱ्या आणि यंत्राशेजारी तान्हे मूल निजविणाऱ्या बायांचे हाल ज्यांनी पाहिले, त्यांनी ही बंधने मागितली. परंतु संरक्षणाची किंमत कोणी चुकविली हे मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेथील कामगारांत सुमारे पंचमांश स्त्रिया होत्या. पुढे पाळ्या वाढल्या, नवी यंत्रे आली, प्रसूतिभत्त्याचा भार मालकावर पडला, आणि मालकांनी बाया ठेवणेच कमी केले. आता पाळणाघराचा नियम घ्या: तीसहून अधिक स्त्रीकामगार असतील तेथे पाळणाघर असलेच पाहिजे, असे कारखाने अधिनियमाचे ४८ वे कलम सांगत असे; आणि म्हणूनच काही ठिकाणी बायांची संख्या तीस ओलांडू दिली जात नसे, अशी तक्रार कामगार चळवळीत जुनी आहे. पुरुषास अडविण्यासाठी केलेला नियम पुरुष मोडतो, स्त्रीच्या रक्षणासाठी केलेला नियम मात्र तिच्याच विरुद्ध काटेकोरपणे पाळला जातो, असा हा विलक्षण प्रकार आहे.

परिणामी रासायनिक कारखान्यांत स्त्रिया कोठे आढळतात हे सांगण्यास मोठ्या संशोधनाची आवश्यकता नाही. एका टोकास क्यूसीची प्रयोगशाळा, अकाउंट्स, एचआर आणि स्वागताचे टेबल. दुसऱ्या टोकास ठेकेदाराच्या हजेरीपटावर पॅकिंग, साफसफाई आणि कँटीन. मधला सगळा प्रदेश, म्हणजे उत्पादन, देखभाल, सुरक्षा आणि खरेदी, पुरुषांचा. प्रयोगशाळेत पंधरा वर्षे काढलेली, प्रत्येक बॅचचा स्वभाव ओळखणारी बाई सिनियर केमिस्ट होते आणि तेथेच थांबते. कारण वरच्या जागेसाठी ‘प्रॉडक्शनचा अनुभव’ लागतो, आणि तो तिला द्यायचा नाही असे आधीच ठरलेले असते.

यावर कारखानदारांचे उत्तर ठरलेले आहे: मुलीच अर्ज करीत नाहीत. हे उत्तर पूर्णतः खोटे नाही, म्हणूनच ते तपासले पाहिजे. महाडच्या उत्तरेस, माणगाव तालुक्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे आणि तेथे रसायन व पेट्रोकेमिकल अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. महाड आणि पोलादपूर या दोन्ही गावांत महाविद्यालये आहेत व तेथून मुली शास्त्रशाखेची पदवी घेऊन बाहेर पडतात. म्हणजे शिकलेल्या मुलींचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो रात्री नऊनंतरच्या वाहनाचा. पोलादपूरच्या खोऱ्यातील गावास संध्याकाळी वस्तीची एसटी जाते आणि पहाटे परत येते. मधल्या वेळेत ना जाणे ना येणे. पोलादपूरहून महाड अठरा-वीस किलोमीटर, पण तो रस्ता मुंबई-गोवा महामार्गाचा आणि पावसाळ्यात दरडींचा. मुलगा मोटरसायकल घेतो, नाही तर मित्रांसह महाडात खोली घेतो. मुलीने तसे करावे तर प्रथम घरचे, मग घरमालक आणि शेवटी शेजारी, अशी तीन मुलाखतमंडळे तिची परीक्षा घेतात. १९७४ मध्ये पुण्याच्या टेल्कोने अभियंत्यांच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते आणि सुधा कुलकर्णी यांनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती यांनी, जे. आर. डी. टाटांस पोस्टकार्ड लिहून त्याचा निषेध केला, पुढे मुलाखतीस बोलावणे आले आणि त्या तेथील शॉपफ्लोअरवर रुजू झाल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. आज जाहिरातीत तसे वाक्य कोणी छापत नाही. आज ते वाक्य बसच्या वेळापत्रकात आणि खोलीच्या भाड्यात लिहिलेले असते, आणि त्याविरुद्ध पोस्टकार्ड कोणाच्या नावे टाकावे हे मुलीस कळत नाही.

कायद्यातीलच एका तरतुदीने या पोकळीची अनवधानाने साक्ष दिली आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती नेमण्यास सांगितले, तिचे निदान निम्मे सदस्य स्त्रिया असावेत आणि अध्यक्षा त्या ठिकाणी वरिष्ठ पदावर असलेली स्त्री असावी असे ठरविले. आणि लगेच पुढे असेही म्हटले की तशी वरिष्ठ स्त्री तेथे नसेल, तर मालकाच्या अन्य कचेरीतून वा अन्य संस्थेतून घ्यावी. कारखान्याच्या भिंतीवर लावलेला समितीचा फलक ज्याने वाचला असेल, त्याने अध्यक्षेचा हुद्दा आणि तिची कचेरी कोणत्या गावी आहे एवढेच पाहावे. त्या आस्थापनेच्या वार्षिक अहवालातील समानतेवरील परिच्छेदाहून अधिक माहिती त्या एका ओळीत मिळते.

याच्या उलट चित्र शासकीय आणि निमशासकीय कारभारात दिसते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण जाहीर केले, शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखल्या, ग्रामपंचायतींपासून जिल्हा परिषदांपर्यंतचे आरक्षण आधी तिसरा हिस्सा आणि २०११ पासून निम्मे केले. ‘सरपंचपती’ ही संस्था आहे, ती हास्यास्पद आहे आणि तिचा उपहास व्हावा. पण पाच वर्षे खुर्चीवर बसून ग्रामसेवकाकडून जमाखर्च समजावून घेतलेली बाई दुसऱ्या खेपेस नवऱ्याकडे न पाहता बोलते, हेही या भागात ज्याने ग्रामसभा पाहिल्या त्यास ठाऊक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथे पहिली पायरी शाबूत आहे. तलाठी, ग्रामसेविका, कारकून म्हणून शिरलेली मुलगी रात्रीअपरात्री पूरग्रस्त गावात जाते, पंचनामे करते, शिव्या खाते आणि शिकते. स्पर्धापरीक्षेने थेट आलेली तरुण नायब तहसीलदारही त्याच चिखलातून जाते. २०२१ मध्ये वरच्या खुर्च्यांवर ज्या स्त्रिया दिसल्या, त्यांच्याखाली अशा अनेक होत्या, आणि आपत्तीच्या वेळी त्यांना सायंकाळी सातनंतर कोणी घरी जाण्यास सांगितले नाही.

अर्थात सरकारी घरातही सारे आलबेल नाही. अंगणवाडी सेविका आणि आशा स्वयंसेविका गावाच्या आरोग्याचे जवळजवळ संपूर्ण व्यवस्थापन करतात. ज्या एकात्मिक बालविकास योजनेखाली अंगणवाड्या चालतात ती १९७५ ची, पण सेविकेच्या हाती पगार नव्हे तर मानधन पडते. बचतगटांचेही तेच. माविम, म्हणजे १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, आणि पुढे ‘उमेद’ अभियान यांनी वाड्यावाड्यांवर अध्यक्ष, सचिव, बँक सखी निर्माण केल्या. या बाया वसुलीत भल्याभल्या सहकारी बँकांस लाजवतील. पण ज्या कामास मानधन आहे आणि श्रेणी नाही, बढती नाही, निवृत्तिवेतन नाही, त्यास नेतृत्व म्हणणे म्हणजे गौरवाच्या नावाखाली खर्च वाचविणे होय. चाकरमान्याच्या बायकोकडून फुकट घेतलेला कारभार आता सरकार स्वस्तात घेते, एवढाच फरक.

कायद्याची मुख्य अडचण आता दूर झाली आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्येच रात्रपाळीची मनाई समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविली होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने स्त्रीच्या संमतीने व संरक्षणाच्या अटींवर रात्रीच्या कामास वाट दिली. आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामांवर स्त्रियांस नेमता येईल असे स्पष्ट सांगितले, रात्रीसाठी तिची संमती आणि सुरक्षिततेच्या अटी मात्र कायम ठेवल्या. या बदलाविषयी कामगार संघटनांच्या शंका अनाठायी नाहीत. संमती हा शब्द कंत्राटी कामगार बाईच्या बाबतीत किती पोकळ असू शकतो हे त्यांना ठाऊक आहे, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्याच औद्योगिक वसाहतीतील एका औषधी कारखान्याच्या स्फोटात अकरा कामगार दगावले हेही कोणी विसरलेले नाही. परंतु जो धोका स्त्रीस नको तो पुरुषासही नको. प्लँट असुरक्षित असेल तर उपाय प्लँट सुधारणे हा आहे, निम्म्या माणसांस बाहेर ठेवणे हा नव्हे.

तेव्हा महाडच्या कारखानदारांच्या संघटनेस आणि जिल्ह्याच्या औद्योगिक सुरक्षा खात्यास विनंती एवढीच. प्रत्येक कारखान्याने शिफ्ट इन्चार्ज आणि त्यावरील प्रत्येक हुद्द्यावर किती स्त्रिया आहेत, ही संख्या दरवर्षी दरवाजावरील फलकावर लावावी. अनेक कारखान्यांनी मिळून पोलादपूर, बिरवाडी आणि महाड यांना जोडणारी पाळीची बस आणि नोकरदार मुलींसाठी एक चांगले वसतिगृह चालवावे, ज्याचा खर्च एकट्या कारखान्यास जड असला तरी सर्वांस मिळून जड नाही. आणि लोणेऱ्याहून येणाऱ्या मुलीस प्रयोगशाळेत नेमण्यापूर्वी, तिची इच्छा असल्यास, दोन वर्षे पाळीत नेमावे.